अमाइन संयुगांचा जिवाणूंवरील परिणाम

अमाइने ही अमोनियापासून व्युत्पन्न होणारी सेंद्रिय संयुगे आहेत. अमोनियाच्या रेणूतील एक, दोन किंवा तिन्ही हायड्रोजन अणूंच्या जागी कार्बनयुक्त गट आले, की अनुक्रमे प्राथमिक, द्वितीयक व तृतीयक अमाइने मिळतात. नायट्रोजनला चौथा कार्बनयुक्त गटही जोडला गेला, तर कायमचा धनभार असलेले चतुर्थक अमोनियम संयुग तयार होते. जिवाणूंशी या संयुगांचे नाते दुहेरी आहे. पुट्रेसीन व स्पर्मिडीन यांसारखी अमाइने जिवाणू स्वतः तयार करतात आणि ती नसल्यास त्यांची वाढ मंदावते. तर बेंझाल्कोनियम क्लोराइड व सेट्रिमाइड यांसारखी चतुर्थक संयुगे जंतुनाशक म्हणून वापरली जातात. स्ट्रेप्टोमायसिन आणि कोलिस्टिन या प्रतिजैविकांची क्रियाही त्यांच्या रेणूंतील अमाइन गटांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. पोषक आणि मारक या दोन्ही परिणामांच्या मुळाशी एकच गुणधर्म आहे, तो म्हणजे नायट्रोजनवरील धनभार.

धनभाराचे महत्त्व

साखळीबद्ध अमाइने बऱ्यापैकी आम्लारिधर्मी असतात. पेशीतील द्रवाचा सामू ७ ते ८ च्या दरम्यान असतो. या सामूला त्यांचे बहुतेक सर्व रेणू एक प्रोटॉन स्वीकारून धनभारित होतात. जिवाणूच्या पेशीतील महत्त्वाचे घटक मात्र ऋणभारित असतात. डीएनए व आरएनए यांच्या कण्यातील फॉस्फेट गट, पेशीपटलातील मेदद्रव्यांची फॉस्फेटयुक्त टोके, ग्रॅम-धन जिवाणूंच्या भित्तिकेतील टायकोइक अम्ले आणि ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाह्यपटलातील लिपोपॉलिसॅकराइडे या सर्वांवर ऋणभार असतो. त्यामुळे धनभारित अमाइन जिवाणूच्या संपर्कात आले, की त्याला चिकटण्यासाठी पेशीच्या आत व बाहेर अनेक जागा उपलब्ध असतात. ते कोठे चिकटते, किती प्रमाणात चिकटते आणि त्याच्या रेणूला मेदात शिरू शकेल अशी लांब कार्बन शृंखला आहे की नाही, यावर पुढील परिणाम ठरतो.

ॲनिलिनसारखी ॲरोमॅटिक अमाइने खूपच दुर्बल आम्लारी असल्याने उदासीन सामूला ती बहुतांशी भाररहित राहतात. पुढील विवेचन त्यांना लागू होत नाही.

इतिहास

अँटनी व्हान लेव्हेनहूक यांनी सतराव्या शतकात मानवी वीर्यात स्फटिक पाहिले होते. ते स्पर्मीन या अमाइनाच्या फॉस्फेटाचे होते, हे कळण्यास पुढे दोनशेहून अधिक वर्षे लागली. जर्मन वैद्य लुडविग ब्रीगर यांनी १८८५ च्या सुमारास कुजणाऱ्या मांसातून पुट्रेसीन आणि कॅडाव्हरिन ही अमाइने वेगळी केली. पुट्रेसीनचे नाव सडण्याच्या क्रियेवरून व कॅडाव्हरिनचे नाव प्रेतावाचक लॅटिन शब्दावरून आलेले आहे. या नावांनी दोन्ही संयुगांची प्रतिमा कायमची मलिन केली, असे म्हणावे लागेल. कारण निरोगी व वाढत्या जिवाणूंतही ती नित्य आढळतात. कुजलेल्या अन्नातील ‘टोमेन’ नावाची अमाइनेच अन्नविषबाधेचे कारण आहेत, अशी समजूत त्या काळात पसरली व पुढे कित्येक दशके टिकली. विषबाधा प्रामुख्याने विशिष्ट जिवाणू व त्यांची विषे यांच्यामुळे होते हे स्पष्ट झाल्यावर ती मागे पडली. मात्र खाली दिलेला हिस्टामाइनचा अपवाद महत्त्वाचा आहे.

पेशीच्या आतील बहुअमाइने

एकाच रेणूत दोन किंवा अधिक अमाइन गट असलेल्या संयुगांना बहुअमाइने म्हणतात. पुट्रेसीनमध्ये चार व कॅडाव्हरिनमध्ये पाच कार्बन अणूंची शृंखला असून दोहोंच्या दोन्ही टोकांना एकेक अमाइन गट असतो. स्पर्मिडीनमध्ये असे तीन आणि स्पर्मीनमध्ये चार गट असतात. एश्चेरिकिया कोलाय या आतड्यातील जिवाणूत पुट्रेसीनचे प्रमाण सर्वाधिक असते व त्याखालोखाल स्पर्मिडीन आढळते. स्पर्मीन हे मुख्यतः प्राणी व इतर दृश्यकेंद्रकी सजीवांचे बहुअमाइन आहे. एश्चेरिकिया कोलाय ते स्वतः बनवत नाही, परंतु माध्यमात असल्यास आत घेऊ शकतो.

या जिवाणूत पुट्रेसीन दोन मार्गांनी तयार होते. ऑर्निथीन या ॲमिनो अम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकला, की ते थेट मिळते. किंवा आर्जिनिनपासून आधी ॲग्मॅटिन व त्यातून पुट्रेसीन बनते. पुट्रेसीनला आणखी एक अमाइनयुक्त तुकडा जोडून स्पर्मिडीन तयार होते व हा तुकडा एस-ॲडिनोसिल-मिथिओनिनपासून येतो. लायसिनमधून कार्बन डायऑक्साइड गेला, की कॅडाव्हरिन उरते.

पेशीतील स्पर्मिडीनचा बहुतांश भाग आरएनएला जोडलेला असतो. रायबोसोमच्या घडणीत आणि प्रथिननिर्मितीच्या वेगात त्याचा वाटा आहे. जपानी संशोधक काझुएई इगाराशी व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की बहुअमाइने सर्व प्रथिनांची निर्मिती सारख्या प्रमाणात वाढवत नाहीत. काही निवडक संदेशवाहक आरएनएंचे भाषांतर त्यांच्यामुळे विशेष वाढते. अशा जनुकांच्या समूहाला त्यांनी बहुअमाइन मॉड्युलॉन हे नाव दिले.

बहुअमाइनांशिवाय जिवाणू जगू शकतो का, हा प्रश्न अमेरिकेतील हर्बर्ट टेबर व सेलिया व्हाइट टेबर या दांपत्याने अनेक दशके अभ्यासला. २००९ साली त्यांच्या गटाने बहुअमाइनांच्या निर्मितीशी संबंधित आठही जनुके काढून टाकलेला एश्चेरिकिया कोलायचा प्रकार तयार केल्याचे प्रसिद्ध केले. अमाइनरहित माध्यमात व सामान्य हवेत हा प्रकार अमर्याद पिढ्या वाढत राहिला. केवळ त्याचा वाढीचा वेग सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी कमी झाला. ऑक्सिजनचा ताण मात्र त्याला सोसवत नसे. आश्चर्याची बाब अशी, की पूर्णपणे ऑक्सिजनविरहित स्थितीतही तो बहुअमाइनांखेरीज वाढू शकला नाही. म्हणजे बहुअमाइने ‘अत्यावश्यक’ आहेत की नाहीत, याचे उत्तर जिवाणू कोणत्या परिस्थितीत वाढत आहे हे सांगितल्याशिवाय देता येत नाही. पाठ्यपुस्तकांतून अनेकदा दिसणारे सरसकट विधान म्हणूनच अपुरे ठरते.

काही जिवाणूंत बहुअमाइने पृष्ठभागावर चिकटून राहण्याच्या क्रियेशीही निगडित आहेत. प्लेगचा जिवाणू यर्सिनिया पेस्टिस याला बायोफिल्म, म्हणजे पेशींचा चिकट सामुदायिक थर, तयार करण्यासाठी पुट्रेसीन लागते. पटकीच्या जिवाणूत नॉरस्पर्मिडीन हे बहुअमाइन बायोफिल्म वाढवण्याचा संकेत म्हणून काम करते.

आम्लापासून बचाव

अन्नाबरोबर पोटात गेलेल्या जिवाणूला आतड्यात पोहोचण्याआधी जठरातील तीव्र आम्लातून जावे लागते. या प्रवासात अमाइन तयार करण्याची क्रिया त्याच्या जीवरक्षणाचे साधन बनते. ॲमिनो अम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जाताना पेशीतील एक प्रोटॉन खर्च होतो व तो तयार होणाऱ्या अमाइनात बांधला जातो. हे अमाइन पेशीबाहेर टाकले जाते आणि त्याच वाहक प्रथिनामार्फत ॲमिनो अम्लाचा नवा रेणू आत घेतला जातो. प्रत्येक फेरीगणिक पेशीतील आम्लता थोडी कमी होते. एश्चेरिकिया कोलायमध्ये आर्जिनिन आत व ॲग्मॅटिन बाहेर अशी देवघेव करणारे वाहक प्रथिन ॲडिसी या नावाने ओळखले जाते. ही यंत्रणा सामू २.५ इतक्या तीव्र आम्लातही पेशीला तग धरू देते. मात्र त्यासाठी बाहेरून आर्जिनिनचा पुरवठा असावा लागतो. लायसिनवर आधारित यंत्रणा तुलनेने सौम्य आम्लतेत अधिक उपयोगी पडते.

आम्लयुक्त माध्यमात वाढवलेल्या जिवाणूंत ॲमिनो अम्लांतून कार्बन डायऑक्साइड काढणारी विकरे मोठ्या प्रमाणावर तयार होतात, हे केंब्रिज येथील अर्नेस्ट गेल यांनी १९४० च्या दशकातच दाखवले होते. त्यांचे जीवरक्षक कार्य रेणवीय पातळीवर उलगडण्यास मात्र नंतरची अनेक दशके लागली.

बाहेर टाकलेल्या कॅडाव्हरिनचा आणखी एक परिणाम नोंदवला गेला आहे. ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाह्यपटलात पोरिन नावाची छिद्रयुक्त प्रथिने असतात व त्यांतून लहान रेणू आत येतात. कॅडाव्हरिन ही छिद्रे अंशतः बंद करते, त्यामुळे बाह्यपटलाची पार्यता घटते.

रोगनिदानातील उपयोग

अमाइन निर्मितीची हीच क्षमता रुग्णालयीन प्रयोगशाळेत जिवाणू ओळखण्यासाठी वापरली जाते. १९५५ साली म्योलर यांनी सुचवलेल्या माध्यमात ग्लुकोज, एक विशिष्ट ॲमिनो अम्ल आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पल हे दर्शक असते. हवेचा संपर्क टाळण्यासाठी नळीत वरून निर्जंतुक तेलाचा थर देतात. जिवाणू प्रथम ग्लुकोजचे किण्वन करून आम्ल तयार करतो व माध्यम पिवळे होते. त्याच्याकडे योग्य विकर असल्यास अमाइन तयार होऊन सामू पुन्हा वाढतो आणि माध्यम जांभळे होते. विकर नसल्यास ते पिवळेच राहते.

विषमज्वराचा साल्मोनेला टायफी लायसिनची कसोटी जांभळी करतो, पण ऑर्निथीनची नाही. पॅराटायफी ए या जवळच्या प्रकाराचे वर्तन नेमके उलटे आहे. दोन्ही प्रकारांचे रुग्ण भारतात आढळत असल्याने येथील विद्यार्थ्यांना हा फरक पाठ असतो.

रक्ती हगवणीचा शिगेला वंश लायसिनच्या कसोटीत नेहमी पिवळा राहतो. शिगेला व एश्चेरिकिया कोलाय आनुवंशिकदृष्ट्या अतिशय जवळचे असूनही शिगेलाने लायसिनपासून कॅडाव्हरिन बनवणारे जनुक गमावले आहे. ते जनुक शिगेलात परत घातल्यास काय होते, हे अँथनी मॉरेली व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तपासले. तयार झालेल्या कॅडाव्हरिनमुळे जिवाणूच्या आंत्रविषाची क्रिया रोखली गेली आणि त्याची रोगकारकता घटली. एखादे जनुक मिळाल्याने नव्हे, तर गमावल्याने जिवाणू अधिक घातक होण्याचे हे उदाहरण उत्क्रांतीच्या अभ्यासात वारंवार दिले जाते.

अन्नातील हिस्टामाइन

बांगडा, कुपा यांसारख्या माशांच्या स्नायूंत हिस्टिडीन हे ॲमिनो अम्ल मुक्त स्वरूपात भरपूर असते. मासा पकडल्यानंतर तो लगेच बर्फात ठेवला नाही, तर मॉर्गनेला मॉर्गनाय आणि तत्सम जिवाणू हिस्टिडीनचे हिस्टामाइनमध्ये रूपांतर करतात. जिवाणूच्या दृष्टीने ही आम्लापासून बचावाचीच एक क्रिया आहे. खाणाऱ्याला मात्र तिच्यामुळे चेहरा लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोकेदुखी व मळमळ असा त्रास होतो. लक्षणे ॲलर्जीसारखी असल्याने माशाची ॲलर्जी असल्याचा चुकीचा निष्कर्ष काढला जाण्याचा संभव असतो.

कोकण किनाऱ्यापासून दूर मासळी पोहोचवताना लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की हिस्टामाइन उष्णतेने नष्ट होत नाही. मासा कितीही शिजवला किंवा तळला तरी जिवाणू मरतात, पण आधीच तयार झालेले हिस्टामाइन तसेच राहते. नंतर गोठवूनही ते कमी होत नाही. मासा दिसायला व वासाला चांगला असतानाही त्याचे प्रमाण वाढलेले असू शकते. म्हणून पकडल्यापासून विक्रीपर्यंत थंडावा न तुटू देणे हाच खात्रीचा उपाय आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत अशा माशांसाठी किलोग्रॅममागे २०० मिलिग्रॅम ही स्वच्छतेची मर्यादा दिलेली आहे.

अतिरिक्त बहुअमाइनांची विषाक्तता

आवश्यक असलेले स्पर्मिडीन प्रमाणाबाहेर साठले, तर ते विषारी ठरते. रायबोसोमला स्थैर्य देणाऱ्या मॅग्नेशियम आयनांच्या जागा ते बळकावते व प्रथिननिर्मिती मंदावते. यावर उपाय म्हणून एश्चेरिकिया कोलाय स्पीजी या विकराच्या साहाय्याने स्पर्मिडीनला ॲसिटिल गट जोडतो. त्यामुळे त्या नायट्रोजनवरील धनभार नाहीसा होतो व रेणू निरुपद्रवी बनतो. हे विकर नसलेल्या पेशींत स्पर्मिडीन साठल्यास वाढ थांबल्यानंतरच्या काळात त्यांची जीवनक्षमता घटते.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू या बाबतीत विलक्षण आहे. तो स्वतः बहुअमाइने तयार करत नाही आणि मानवी ऊतींत आढळणाऱ्या स्पर्मिडीन व स्पर्मीनच्या प्रमाणालाही तो अत्यंत संवेदनशील असतो. अमेरिकेत समाजात पसरलेला त्याचा यूएसए३०० हा मेथिसिलिनरोधी प्रकार मात्र याला अपवाद आहे. बाहेरून मिळवलेल्या एका चल जनुकखंडात त्याला स्पीजीचे जनुक लाभले असून त्यामुळे तो बहुअमाइनांना दाद देत नाही. त्वचेवर या प्रकाराला मिळालेल्या यशात या जनुकाचा वाटा असल्याचे २०११ मधील संशोधनातून पुढे आले.

चतुर्थक अमोनियम संयुगे

चतुर्थक संयुगांच्या जिवाणुनाशक गुणधर्माची नोंद रॉकफेलर संस्थेतील वॉल्टर जेकब्स यांनी १९१५–१६ च्या सुमारास केली होती. त्यांचा व्यवहारातील वापर मात्र जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड डोमाक यांनी १९३५ मध्ये बेंझाल्कोनियम क्लोराइडचे गुण प्रसिद्ध केल्यानंतर वाढला. प्राँटोसिल या औषधाच्या शोधाबद्दल १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळालेले डोमाक ते हेच.

या संयुगांच्या रेणूला धनभारित डोके व लांब कार्बन शृंखलेचे शेपूट असते. डोके पेशीच्या ऋणभारित पृष्ठभागाकडे ओढले जाते व शेपूट पेशीपटलाच्या मेदथरात घुसते. पटलाची रचना विस्कळीत होऊन प्रथम पोटॅशियम आयन व नंतर मोठे रेणू बाहेर गळू लागतात. शेवटी पेशी फुटते. शेपटाची लांबी येथे निर्णायक ठरते. आठपेक्षा कमी कार्बन असल्यास परिणाम नगण्य असतो, बारा ते सोळा कार्बन असल्यास तो सर्वाधिक असतो आणि त्याहून लांब शृंखलेत पुन्हा कमी होतो. सॅव्हलॉनसारख्या द्रावणातील सेट्रिमाइड, गुळण्यांच्या औषधातील सेटिलपिरिडिनियम क्लोराइड आणि फरशीच्या अनेक जंतुनाशकांतील बेंझाल्कोनियम ही या वर्गातील परिचित नावे होत. त्यांच्याच शेजारी कपाटात असणारे डेटॉलचे द्रावण क्लोरोझायलेनॉल या फिनॉल वर्गातील संयुगावर आधारलेले असून त्याची गणना येथे होत नाही.

ही संयुगे ग्रॅम-धन जिवाणूंवर सर्वांत प्रभावी आहेत. ग्रॅम-ऋण जिवाणूंचे बाह्यपटल त्यांना काही प्रमाणात अडवते. क्षयाच्या जिवाणूची मेणचट भित्तिका त्यांना फारशी दाद देत नाही आणि जिवाणूंचे बीजाणू त्यांनी मरत नाहीत. साबणाच्या रेणूंवर ऋणभार असल्याने साबण व चतुर्थक संयुग एकत्र आले, की परस्परांना निष्प्रभ करतात. साबणाने पुसलेली जागा नीट न धुता त्यावर असे जंतुनाशक ओतणे म्हणूनच निरर्थक असते. कठीण पाणी, रक्त, पू, मळ आणि कापूस यांच्यामुळेही त्यांचा प्रभाव घटतो. कापसाचे बोळे बुडवून ठेवलेल्या बेंझाल्कोनियमच्या द्रावणात स्यूडोमोनस किंवा बर्कहोल्डेरिया जिवाणू वाढून रुग्णांना संसर्ग झाल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत. जंतुनाशकाचे भांडेच रोगाचे उगमस्थान ठरावे, हा यातील धोका आहे.

स्यूडोमोनस एरुजिनोसाच्या या सहनशीलतेचा प्रयोगशाळांनी उपयोगही करून घेतला आहे. सुमारे ०.०३ टक्के सेट्रिमाइड मिसळलेल्या आगर माध्यमावर इतर बहुतेक जिवाणूंची वाढ खुंटते, तर हा जिवाणू हिरवट रंगद्रव्यासह वाढतो.

मारक मात्रेपेक्षा कमी संहतीत ही संयुगे दीर्घकाळ राहिली, तर सहनशील जिवाणूंची निवड होते. स्टॅफिलोकॉकसमधील क्यूएसी-ए व क्यूएसी-बी ही जनुके चतुर्थक संयुगे पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपांची माहिती वाहतात व ती बहुधा प्लाझ्मिडांवर असतात. ग्रॅम-ऋण जिवाणूंतील पहिल्या वर्गाच्या इंटिग्रॉन या जनुकखंडांत अशाच एका जनुकाचा अवशेष सल्फा औषधांच्या रोधाच्या जनुकाशेजारी आढळतो. जंतुनाशकांचा अविचारी वापर प्रतिजैविकांच्या रोधालाही हातभार लावत असावा, ही शंका याच शेजारामुळे बळावते. वापरासाठी सांगितलेली संहती रोधी जिवाणूंनाही सहसा मारते. खरा प्रश्न पातळ केलेल्या अवशेषांचा आणि सांडपाण्याचा आहे.

अमाइनयुक्त प्रतिजैविके आणि प्रतिरोध

१९४३ मध्ये सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी वेगळे केलेले स्ट्रेप्टोमायसिन व त्याच्या वर्गातील जेंटामायसिन, ॲमिकासिन इत्यादी औषधे धनभारित आहेत. या वर्गाला ॲमिनोग्लायकोसाइड म्हणतात. ही औषधे रायबोसोमच्या आरएनएला चिकटून प्रथिनांच्या जुळणीत चुका घडवतात. पेशीत शिरण्यासाठी त्यांना श्वसनातून निर्माण होणाऱ्या विद्युत विभवाची गरज असते, म्हणून ऑक्सिजनविरहित जीवन जगणाऱ्या जिवाणूंवर ती निरुपयोगी ठरतात. त्यांच्याविरुद्ध जिवाणू वापरत असलेल्या उपायांपैकी एक म्हणजे औषधाच्या अमाइन गटाला ॲसिटिल गट जोडणे. अतिरिक्त स्पर्मिडीनपासून सुटका करून घेण्याची पद्धतही रासायनिकदृष्ट्या हीच आहे.

कोलिस्टिन हे पॉलिमिक्सिन वर्गातील औषध इतर प्रतिजैविके निष्फळ ठरल्यावर दिले जाते. त्याचे पाच अमाइन गट बाह्यपटलातील लिपिड-ए या घटकाच्या फॉस्फेटांना धरतात, तेथील मॅग्नेशियम व कॅल्शियम आयनांना हटवतात आणि पटल खिळखिळे करतात. यावर जिवाणूंनी शोधलेला तोडगा असा, की ते लिपिड-ए च्या फॉस्फेटावर स्वतःच अमाइनयुक्त गट बसवतात. कधी हा गट फॉस्फोइथेनॉलअमाइन असतो, तर कधी ॲमिनोॲराबिनोज. पृष्ठभागाचा ऋणभार घटल्याने कोलिस्टिनला धरण्यास जागा उरत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियसही पटलातील मेदद्रव्यांना लायसिन व टायकोइक अम्लांना ॲलानिन जोडून धनभारित रेणूंना असेच दूर ठेवतो.

फॉस्फोइथेनॉलअमाइन जोडणारे एमसीआर-१ हे जनुक प्लाझ्मिडावरून एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकते, असे चीनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. तोवर कोलिस्टिनचा प्रतिरोध गुणसूत्रावरील बदलांपुरताच मर्यादित समजला जात होता. पशुपालनात वाढीसाठी दिल्या जाणाऱ्या कोलिस्टिनकडे या शोधामुळे लक्ष वेधले गेले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळले जाणारे प्राणी, कुक्कुटपालन, मत्स्यशेती आणि पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली.